रेसीची डावी स्की

१

हिंटरग्रिसच्या सभागृहात त्या दुपारी ‘खट्’ असा एक आवाज झाला आणि व्रोनी सांटरची दीड वर्षाची मेहनत मातीमोल झाली.

आवाज स्कीवरच्या पकडीचा होता. बुटाला स्कीवर धरून ठेवते ती ही पकड. माणूस पडला, पाय पिळवटला, की तिने आपणहून उघडायचं आणि पाय मोकळा करायचा, एवढंच तिचं काम. ती किती जोराला उघडेल याचा आकडा तिच्यावरच्या छोट्याशा खिडकीत दिसतो. व्रोनीच्या लेकीसाठी, रेसीसाठी, तो सहा होता. गेल्या वर्षीच्या जानेवारीत सतरा वर्षांची रेसी ओढ्याकाठच्या एका साध्या वळणावर पडली आणि डाव्या पायाची पकड उघडलीच नाही. अडकलेल्या स्कीने पोरीला मऊ बर्फात डोकं खाली करून धरून ठेवलं. बचावपथकातल्या दोन धट्ट्याकट्ट्या गड्यांनाही ती उघडेना. शेवटी बुटाची बकलं सोडून त्यांनी पाय बाहेर काढला, तोवर उशीर झाला होता.

चौकशी झाली. चौकशीवाल्यांनी खिडकीत डोकावून पाहिलं, सहा दिसला, सहा लिहिला. ‘थंडीने गोठली असावी, दोष कुणाचा नाही’ असं म्हणून त्यांनी प्रकरण मिटवलं आणि स्की घरी पाठवून दिल्या. किती जोराला उघडते ते मोजणाऱ्या मशीनवर पकड चढवून बघावी हे कुणाला सुचलं नाही. तिच्यावर कोरलेला नंबरदेखील कुणी टिपून घेतला नाही.

तेव्हापासून व्रोनीने पदर खोचला होता. भाड्याने दिलेली किंवा जुनी म्हणून विकलेली प्रत्येक पकड दर हिवाळ्याआधी मशीनवर तपासलीच पाहिजे, नुसता आकडा बघून चालणार नाही, असा कायदा तिला हवा होता. तिने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि इन्सब्रुकच्या विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवल्या. आता उद्या सकाळी तिथली समिती गावात येणार होती आणि रेसीची डावी स्की सगळ्यांसमोर मशीनवर चढणार होती. आजची ही नुसती रंगीत तालीम होती.

“सहा,” मशीनवाला अभियंता म्हणाला. “सहाचा आकडा आणि सहालाच उघडली. अगदी चोख आहे.”

“परत लावा,” व्रोनी म्हणाली.

त्याने परत लावली. खट्. पुन्हा लावली, पुन्हा खट्. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच खोकलं. दीड वर्ष सह्या देणारं गाव एकदम आपापल्या बुटांकडे पाहू लागलं.

पकड बनवणाऱ्या कंपनीचे डॉक्टर रीडम्युलर म्युनिकहून आले होते. ते उठून अदबीने म्हणाले, “बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो.”

“दुःख राहू द्या तुमच्यापाशी,” व्रोनी म्हणाली. ती स्कीजवळ गेली. काळी स्की, लाल टोक, आणि टोकाजवळ रेसीने चिकटवलेला मार्मोटचा स्टिकर, डोंगरात शिट्ट्या मारणाऱ्या त्या लठ्ठ प्राण्याचा. व्रोनीने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि एकदम मागे घेतलं. “ही माझ्या रेसीची स्की नाही.”

मागच्या रांगेत नोटबुर्गा प्रांटल बसली होती. ती जिल्हा पोलिसांतली तपास अधिकारी. जन्म याच खोऱ्यातला आणि शाळेत व्रोनीच्याच बाकावर बसलेली. आज ती मैत्रीण म्हणून आली होती. पण ते वाक्य ऐकलं आणि तिच्यातला पोलीस कान टवकारून उठला.

२

“तुला कशावरून वाटतं?” सभागृह रिकामं झाल्यावर नोटबुर्गाने विचारलं.

“कशावरून म्हणजे? आई आहे मी!”

“ते उद्या समितीला सांगून बघ. सगळ्या बाया रुमाल काढतील आणि सगळे पुरुष घड्याळ बघतील. मला पटेल असं काहीतरी सांग, व्रोनी.”

व्रोनी खाली बसली. “तेच तर सांगता येत नाहीये, बुर्गल. दीड वर्ष मी त्या तळघरात पाऊल टाकलं नाही. स्कीकडे बघवत नव्हतं. जोडी परवा इथे आणली तीसुद्धा चादरीत गुंडाळून, तोंड फिरवून. आज पहिल्यांदा हात लावला, तर मार्मोटची कड उकललेली. रेसीने तो असा दाबून बसवला होता की नखाने निघाला नसता.”

नोटबुर्गाने वाकून पाहिलं. स्टिकरच्या कडेला खरंच बारीक सुरकुत्या होत्या, गरम हवेने सोडवून पुन्हा बसवल्यासारख्या. मग तिने स्की उलटी केली आणि तळाच्या खाचेतून नख फिरवलं. नखात मेणाचा पिवळा कण आला.

“ही जोडी घेतली कुठून होती?”

“क्रिस्पिनच्या दुकानातून. भाड्याने चालवलेल्या जोड्या तो दर वर्षी स्वस्तात काढतो ना, त्यातली.”

“म्हणजे अशा काळ्या-लाल जोड्या गावात पुष्कळ असणार. तुमच्या तळघराची किल्ली कुठे असते?”

“कुठे म्हणजे? दारामागे, क्रुसाच्या खिळ्याला.” व्रोनीला प्रश्नच विचित्र वाटला. हिंटरग्रिसमध्ये सगळ्यांच्याच तळघरांच्या किल्ल्या क्रुसाच्या खिळ्याला असतात. चोराने देवाच्या मागे हात घालायला लाजावं, अशी त्यामागची भाबडी समजूत.

दोघी तळघरात उतरल्या. भिंतीवर सांटर कुटुंबाच्या स्की ओळीने टांगलेल्या होत्या: व्रोनीची, तिच्या नवऱ्याची म्हणजे आन्डेरची (तो गुरं घेऊन वरच्या कुरणावर गेलेला), आणि सासरेबुवा सेराफिन यांची लाकडी पुराणवस्तू. लाकडी जोडी सोडली तर प्रत्येक पकडीच्या खिडकीत तीन. खोऱ्यातली ही जुनी रीत आहे. हिवाळा सरला की घरातल्या म्हाताऱ्याने सगळ्यांच्या स्प्रिंगा सैल करायच्या. स्प्रिंग वर्षभर ताणून ठेवली तर थकते म्हणतात, तिला उन्हाळाभर झोपू द्यायचं.

“गेल्या गुरुवारी, प्रभुदेहाच्या सणाला तुम्ही सगळे चर्चच्या मिरवणुकीत होतात?”

“अख्खं गाव होतं. घरात मांजरसुद्धा नव्हती.” व्रोनी थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “बुर्गल, एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही. मे महिन्यात मी सासऱ्यांना या तळघरातून बाहेर येताना पाहिलं. हातात पेचकस होता. मला बघितल्यावर त्यांनी तो पाठीमागे लपवला.”

“त्यात काय? स्प्रिंगा सैल करत असतील.”

“त्या तर त्यांनी आठवडाभर आधी, अंगणात माझ्यादेखत सैल केल्या होत्या. रेसीच्या सोडून. तिच्या स्कीला हात लावायचा नाही, अशी मी घरात सगळ्यांना शपथ घातली होती.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. “त्यांना माझी ही मोहीम पहिल्यापासून नको होती. डोंगर देतो तसा नेतो, पोरीचं नाव कशाला बाजारात फिरवतेस, म्हणायचे. आता सांग, मी कुणावर संशय घेऊ?”

३

सेराफिन सांटर आपल्या कामाच्या खोलीत लाकडी स्कीचं टोक वाकवत बसले होते. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

“आलीस? वाटच बघत होतो. पोलिसांना कॉफी द्यायची असते की बेड्यांसाठी हात पुढे करायचे असतात?”

“कॉफी चालेल, आजोबा. मे महिन्यात तळघरात काय करत होतात?”

“उंदीर शोधत होतो.”

“पेचकसाने?”

“मोठा होता.”

नोटबुर्गाला हसू आलं, पण म्हाताऱ्याचे हात थांबले होते. तिने पिवळ्या मेणाचा कण त्यांच्यापुढे धरला. “हे बघा. त्या स्कीच्या खाचेतलं आहे.”

म्हाताऱ्याने कण बोटावर चोळला, वास घेतला आणि भुवया आक्रसल्या. “हे गरम दिवसांचं मेण. नाहीतर साठवणीचं. त्या दिवशी उणे अठरा होतं. निळं मेण मी स्वतःच्या हाताने…” वाक्य तिथेच तुटलं. त्यांनी पाठ फिरवली. “जा आता. मला काम आहे.”

“आजोबा, व्रोनीला वाटतंय की तुम्ही…”

“तिला काय वाटायचं ते वाटू दे!” म्हातारा ओरडला. त्या ओरडण्यात चोराची भीती नव्हती, आणि जे होतं त्याला काय म्हणावं हे नोटबुर्गाला तेव्हा कळेना.

डॉक्टर रीडम्युलर खानावळीत सूप पीत होते. वाडग्यात पाव आणि खारवलेल्या मांसाचा एक टेनिसच्या चेंडूएवढा गोळा तरंगत होता आणि डॉक्टर त्याच्याकडे शत्रूसारखे पाहत होते.

“मोडून खा, डॉक्टर,” नोटबुर्गा समोर बसत म्हणाली. “इथे सुरीने कापला तर आचाऱ्याला राग येतो.”

“आभारी आहे. माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? घ्या. कंपनीचा माणूस, आठवड्यापासून गावात, आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागलेला. तुमच्या जागी असतो तर मीही पहिला माझ्याकडेच आलो असतो.”

“मग उत्तरही तुम्हीच देऊन टाका.”

“पकड अडकली असती तरी आमचं काही बिघडत नव्हतं,” त्यांनी शांतपणे सांगितलं. “मी म्हणालो असतो, आत पाणी शिरलं, गंज धरला, रेती बसली, दुकानदाराने ती मशीनवर न तपासता विकली. ते खरंही असतं. खिडकीतला आकडा फक्त पेच किती फिरवलाय ते सांगतो. आतली स्प्रिंग मोकळी आहे की जाम झालीय, हे त्याला कळत नाही. जाम झालेली पकड आकडा एकवर आणला तरी उघडायची नाही.”

“मग व्रोनी म्हणते ते बरोबरच की!”

“मी चूक कधी म्हणालो? फक्त ते आमच्या खर्चाने नको, असं कंपनीचं म्हणणं आहे.” त्यांनी गोळा मोडला, चाखला आणि चेहरा खुलला. “बाकी तुमच्याकडची माणसं गमतीची आहेत. स्प्रिंगा म्हणे उन्हाळ्यात झोपवतात! आमच्या माहितीपुस्तकात आम्ही स्पष्ट छापतो की त्याची काही गरज नाही. पण इथे कोण वाचतंय? मला तर कुणी सांगेपर्यंत, अजूनही कुणी असं करतं हेच माहीत नव्हतं.”

४

क्रिस्पिनचं दुकान उन्हाळ्यात सायकली भाड्याने देई आणि मागच्या कोठारात स्की साठवी. नोटबुर्गा आत शिरली तेव्हा मेणाचा गोड वास घुमत होता. क्रिस्पिन शिडीवर चढून वरच्या फळीवर जोड्या रचत होता. तिला पाहताच तो टुणकन खाली उडी मारून आला.

“बुर्गल! ये ये. व्रोनीचं कळलं. वाईट झालं गं. सगळ्यात आधी सही मीच केली होती, माहिताय ना तुला?”

“माहीत आहे. तुझ्या नावाखाली अख्ख्या गावाने केली.”

“मग! रेसी माझ्यासमोर वाढलेली पोर. पहिली स्की तिला मीच बांधली, एवढुशी होती.” त्याने गुडघ्याएवढी उंची दाखवली. खरोखरच त्याचे डोळे भरून आले. “पण आता व्रोनीने मन आवरावं. मशीन खोटं बोलत नाही.”

“तिची ती जोडी तूच मशीनवर तपासून दिली होतीस ना?”

“तर काय! प्रत्येक जोडी तपासतो. कागद ठेवायचं बंधन नाही, एवढंच.”

भिंतीपासून भिंतीपर्यंत स्की उभ्या होत्या. त्यातली एक लांबलचक रांग काळ्या-लाल जोड्यांची होती. सगळ्यांच्या तळाला पिवळ्या मेणाचा जाड थर, सगळ्यांच्या खिडकीत तीन. नोटबुर्गा रांगेवरून नजर फिरवत चालली. शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी असावीत तशा त्या सारख्या दिसत होत्या.

“निगा छान राखतोस.”

“तीस वर्षं झाली या धंद्यात. हिवाळा संपला की मेण, मग स्प्रिंग तीनवर. आता डोळे मिटूनही करीन.”

“गुरुवारी मिरवणुकीपुढे चालणाऱ्या गावच्या नेमबाजांच्या तुकडीत दिसला नाहीस तू?”

“गुडघा गं. म्हातारपण आलं.” त्याने गुडघा चोळला.

नोटबुर्गाने शिडीकडे पाहिलं आणि मग त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. टेबलावर गरम हवा फेकणारं यंत्र पडलं होतं. अशी यंत्रं प्रत्येक स्कीच्या दुकानात असतात. पिवळं मेणही असतंच. नुसत्या संशयावर कोठार उलथं करायचं तर न्यायालयाचा हुकूम लागला असता, आणि उद्या सकाळी समिती दारात उभी असणार. शिवाय उलथं करून शोधायचं तरी काय? मार्मोट गेला, नंबर कुणी टिपलेला नाही. चाळीसेक सारख्या जोड्यांमधून रेसीची ओळखायची कशी?

बाहेर पडता पडता तिला वाटलं, खून करून प्रेत स्मशानातच पुरावं, तसली ही युक्ती आहे.

५

संध्याकाळचं ऊन उतरत असताना ती पुन्हा सेराफिन यांच्या दारात उभी राहिली. या वेळी कॉफी मागितली नाही.

“आजोबा, मी तुम्हाला गोष्ट सांगते, चुकलं तर थांबवा. मे महिन्यात तुम्ही सगळ्यांच्या स्प्रिंगा झोपवल्या आणि एकीच्या नाही. मग आठवडाभर तुम्हाला झोप लागली नाही.”

म्हाताऱ्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं.

“जन्मभर केलंय मी ते,” शेवटी ते म्हणाले. “बापाच्या, बायकोच्या, पोराच्या. रेसीच्या तर ती चार वर्षांची होती तेव्हापासून. शेजारी बसायची आणि स्प्रिंगला म्हणायची, झोप गं बाई. आणि यंदा पुन्हा भिंतीवर सगळी निजलेली, आणि माझी एकटी पोर ताटकळत जागी! सुनेने शपथ घातली होती. मोडली मी. चोरासारखा उतरलो आणि दोन्ही स्प्रिंगा तीनवर आणल्या.” त्यांनी हाताच्या पंज्याने नाक पुसलं. “उजवी लगेच सैल पडली. डावीचा नुसता आकडा हलला. सवयीने मी ती अंगठ्याने ढकलून बघितली, तर दगड! तीनवर असूनही दगड. तेव्हा कळलं की व्रोनी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती आणि मी गाढव तिला गप्प बस म्हणत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? पुराव्याला हात लावू नका म्हणून ती घसा फोडत होती आणि मी लावून बसलो! म्हाताऱ्याने फिरवाफिरव केली, आता काही ग्राह्य नाही, असं कंपनीवाला म्हणाला असता. म्हटलं गप्प राहू, मशीन बोलेल. आज मशीन बोललं आणि सगळा सत्यानाश झाला.”

नोटबुर्गा उभी होती ती खुर्चीवर टेकली. “थांबा. तुम्ही तीनवर आणली. परत सहावर नेली?”

“नाही. सहावर डिसेंबरात न्यायची असते.”

“आजोबा, आज सभागृहातल्या स्कीवर सहा होता.”

सेराफिननी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग नोटबुर्गा मोठ्याने हसली आणि तिने म्हाताऱ्याच्या टकलाचा मुका घेतला.

“तुम्ही काही बिघडवलं नाहीत! तुम्ही तर चोराच्या पायाखाली केळीचं साल टाकून ठेवलंत. उद्या सकाळी कोट घालून या. आणि अंगठा शाबूत ठेवा.”

६

सकाळी समितीच्या सभापतीबाई आल्या. उंच, करड्या केसांच्या आणि उशीर न खपणाऱ्या. नोटबुर्गा त्यांना दारातच भेटली. सभागृहात जाण्याआधी गावातलं सगळ्यात नीट ठेवलेलं स्कीचं कोठार बघून घ्या, आमचा क्रिस्पिन आनंदाने दाखवील, असं तिने त्यांना सुचवलं. सगळ्या गावासमोर कौतुक झाल्यावर क्रिस्पिनला नाही कसं म्हणता येणार? तो हसत हसत दार उघडायला पुढे झाला. मागून व्रोनी, डॉक्टर रीडम्युलर, मशीनवाला अभियंता आणि कोट घातलेले सेराफिन आत आले.

“बाई,” नोटबुर्गा सभापतींना म्हणाली, “इथे प्रत्येक स्प्रिंग झोपलेली आहे. आकडा तीन. पकडीचं पुढचं टोक अंगठ्याने ढकललंत तर लहान मुलालाही फिरवता येईल. बघा ढकलून.”

सभापतीबाईंनी जवळची एक ढकलली. पकड मुकाट्याने बाजूला वळली.

“व्रोनी, आता तू ढकल. त्या काळ्या-लाल रांगेतली एकेक.”

“कशासाठी?”

“ढकल गं.”

व्रोनी रांगेवरून निघाली. पकड वळली, पुढची वळली, त्याच्या पुढची वळली. क्रिस्पिन आधी मेणाची माहिती देत होता. मग त्याचा आवाज बारीक झाला आणि रांगेच्या मध्यावर तो बोलायचाच थांबला.

“बुर्गल, हे काय चाललंय? व्रोनीची तब्येत आधीच…”

“तुझा गुडघा कसा आहे, क्रिस्पिन? काल शिडीवरून छान उडी मारलीस. गुरुवारी मिरवणूक चालली असती तुला.”

रांगेच्या टोकाजवळ व्रोनी थबकली. तिने अंगठा लावला, मग तळहात लावला, मग दोन्ही हात लावून सगळं अंग त्यावर टाकलं. पकड हलली नाही.



“किती आकडा आहे?” सभापतीबाईंनी विचारलं.

“तीन,” सेराफिन म्हणाले. “मी आणलाय, माझ्या हाताने. ही माझ्या नातीची स्की आहे.”

डॉक्टर रीडम्युलर कोट काढून पुढे झाले. त्यांनी ढकललं, मान लाल होईपर्यंत ढकललं, आणि मागे सरून म्हणाले, “जाम आहे. पूर्ण जाम.” मशीन तिथेच आणवलं. आकडा तीनचा होता आणि मशीनचा काटा अकराच्या पुढे गेला तरी पकड उघडली नाही. अभियंत्याने तळाचा पिवळा थर खरवडला. त्याच्याखाली निळं मेण होतं. सेराफिननी ते बोटावर घेतलं आणि बोट कोटाच्या खिशात तसंच ठेवून दिलं.

“मला समजावून सांगा,” सभापतीबाई नोटबुर्गाला म्हणाल्या.

“सोपं आहे. कुणीतरी तळघरातली जोडी उचलून तिच्या जागी तशीच दिसणारी, चांगली उघडणारी जोडी ठेवली. मार्मोट सोडवून तिच्यावर बसवला. किल्ली क्रुसामागे असते हे गावातल्याच माणसाला माहीत. पण एवढ्यावर मी कुणाचं नाव घेतलं नसतं. आकड्याने नाव सांगितलं. डॉक्टरसाहेबांसारखा परका माणूस असता तर त्याने उचललेल्या स्कीवर काय आहे ते आधी बघितलं असतं. तीन दिसला असता, त्याला नवल वाटलं असतं आणि त्याने दुसऱ्या जोडीवरही तीनच लावला असता. क्रिस्पिन, तू मात्र चौकशीच्या कागदात होता तो सहा घरूनच लावून आणलास. आणि उचललेल्या स्कीवरचा तीन तुझ्या डोळ्यांना खटकलाच नाही, कारण तीस वर्षं तू उन्हाळ्यात दुसरा आकडाच बघितलेला नाहीस.”

 क्रिस्पिन मेणाच्या पेटीवर बसला.

“मशीन त्या वर्षी बंद होतं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “दुरुस्तीवाला येईना. गिऱ्हाइकांची रांग लागलेली. म्हटलं, आकडा बरोबर आहे ना, झालं तर. तपासून दिली म्हणून सांगितलं. त्यानंतर एक रात्र मी धड झोपलेलो नाही, व्रोनी. सही मनापासून केली होती गं. फक्त… ती एक पकड मशीनवर चढली नसती तर बरं, असं वाटत होतं.”

“जाळून का नाही टाकलीस?” नोटबुर्गाने विचारलं.

“चांगली स्की होती,” तो म्हणाला, आणि हे उत्तर या खोऱ्यातल्या माणसाखेरीज कुणाला समजलं नसतं. “स्की कुणी जाळतं का? साफ करून घेतली असती मी. हिवाळ्याआधी घेतलीच असती.”

“घेतली असतीस?” व्रोनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. “तेव्हाही तपासणार होतास, क्रिस्पिन. तेव्हाही रांग होती. डिसेंबरात पुन्हा रांग लागली असती. मग ही कुणाच्या पोरीच्या पायात गेली असती?”

 सभापतीबाईंनी व्रोनीचा प्रश्न लिहून घेतला नाही, पण त्या रांगेकडे, त्या चाळीस सारख्या खिडक्यांतल्या चाळीस सारख्या तीनांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“मी स्वतः दर हिवाळ्यात भाड्याच्या स्की घेते,” त्या म्हणाल्या. “नातवंडांनाही घेऊन देते. आणि दर वेळी खिडकीत बघून खूश होते.” मग त्या डॉक्टर रीडम्युलरांकडे वळल्या. “कंपनीची काही हरकत?”

डॉक्टरांनी कोट परत अंगात घातला. “मी म्युनिकला कळवीन की हरकत घेण्यात अर्थ नाही. माहितीपुस्तकातलं एक पानही बदलायला सांगीन.”

“कुठलं?”

“स्प्रिंगा झोपवायची गरज नाही, असं लिहिलेलं.”

कायदा व्हायला मतदान लागतं, मतदानाला वेळ लागतो. पण त्या दिवशी कोठारातून बाहेर पडलेल्या कुणालाच निकालाची शंका उरली नव्हती. नोटबुर्गा क्रिस्पिनला गाडीत बसवून घेऊन गेली. पहिल्या वळणापर्यंत तो रडला आणि नंतर सगळं सरळ सांगू लागला.

व्रोनीने सभागृहातल्या स्कीवरचा मार्मोट अलगद सोडवून आणला. रेसीच्या डाव्या स्कीवर त्याची जुनी जागा डोळ्यांना दिसत नव्हती, पण बोटाला लागली. तिथे तो बसवून तिने अंगठ्याने कडा दाबल्या. दारात सेराफिन टोपी हातात घेऊन उभे होते. शपथ मोडलेल्या माणसाने सुनेशी काय बोलावं, हे चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“बाबा,” व्रोनी मागे न बघता म्हणाली, “रेसी शेजारी बसून स्प्रिंगला काहीतरी म्हणायची, ते काय होतं?”

म्हातारा एक पाऊल आत आला. “झोप गं बाई.”

व्रोनीने मान हलवली. अंगठा अजून मार्मोटवरच होता.

“पुढच्या वर्षी एकटे उतरू नका तळघरात,” ती म्हणाली. “मला हाक मारा. मी धरीन, तुम्ही फिरवा.”